जॉब तपासायला येतो तोवर उशीर झालेला असतो

वाचकांचे प्रश्न : व्यवसाय शिक्षण

या वेळी आयटीआय, शिकाऊ उमेदवारी आणि शाळेतलं तंत्रशिक्षण यांवर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक आहे. तुकडीत वीस मुलं. अभ्यासक्रमातले सगळे जॉब, म्हणजे मुलांनी बनवायचे सरावाचे तुकडे, वेळापत्रकाप्रमाणे होतात, वह्या पूर्ण असतात. तरी वर्षअखेरीला निम्म्या मुलांना सपाट कानस मारता, म्हणजे कानशीने घासून पृष्ठभाग सपाट करता, येत नाही. साहित्य वाया जातं ते वेगळंच. कुठे चुकतं?

उत्तर : चूक शोधायला आधी वेळेचा हिशेब मांडा. प्रात्यक्षिकाचे सलग चार तास धरले तर वीस जणांत प्रत्येकाच्या वाट्याला तुमची बारा मिनिटं येतात. ती बारा मिनिटं बहुतेक कार्यशाळांत शेवटी खर्च होतात. जॉब पूर्ण होतो, मुलगा तो टेबलावर आणून ठेवतो, तुम्ही काटकोन तपासायला गुण्या लावता, माप घ्यायला व्हर्निअर लावता आणि गुण देता. तोपर्यंत त्या मुलाने चुकीच्या पद्धतीने हजारो वेळा कानस पुढेमागे केलेली असते. हात जे पुन्हापुन्हा करतो ते पक्कं करतो, बरोबर असो वा चूक. त्यामुळे तपासणी शेवटून उचलून मध्ये आणणं, हा आमच्या मते सगळ्यात मोठा बदल आहे. त्याला शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही.

७५ × ५० मिमीचा, १० मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) फ्लॅटचा साधा जॉब घ्या. कच्चा तुकडा ७८ × ५३ चा दिला, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिमी कानशीसाठी राहतं. यात चार थांबे ठेवा. पहिली लांब बाजू सपाट झाली की थांबायचं. तिला लागून असलेली बाजू काटकोनात आली की थांबायचं. उरलेल्या दोन बाजूंचं मार्किंग झालं की पंच मारण्याआधी थांबायचं. शेवटचा थांबा मापाचा. प्रत्येक थांब्यावर मुलगा आधी स्वतः तपासतो आणि लिहितो, मग शेजारचा तपासतो, मग तुम्ही. रकाने चारच : माझं माप, जोडीदाराचं माप, सरांचं माप, फरक.

हा फरकाचा रकाना फार बोलका असतो. ०.०२ मिमी लघुतम मापाच्या व्हर्निअरवर मुलाचं आणि तुमचं वाचन तीन घरांपेक्षा, म्हणजे ०.०६ मिमीपेक्षा जास्त वेगळं येत असेल, तर त्या मुलाला कानस शिकवण्यात तूर्त अर्थ नाही. त्याला मोजताच येत नाही, मग आपलं चुकतंय हे त्याला कळणार कसं? कारणं ठरलेली असतात. कडेची बर, म्हणजे धातूची उरलेली धारदार कड, न काढताच जबडे लावले. व्हर्निअर तिरपा धरला. जबडे बंद करून शून्य जुळतं का ते पाहिलं नाही. अंगठ्याने जास्त दाबलं. रेषा समोरून न पाहता बाजूने पाहिल्या. दहा तुकड्यांना नंबर घालून त्यांची अचूक मापं कपाटात ठेवा. पहिले पंधरा दिवस रोज पाच तुकडे मोजायला लावा, नंतर आठवड्यातून एकदा, वर्षभर. व्हर्निअर पहिल्या महिन्यात 'घेऊन झाला' म्हणून सोडून दिला की दिवाळीनंतर अर्धा वर्ग तो विसरलेला असतो.

आता खुद्द कानस. पृष्ठभाग मध्ये फुगीर येतो आणि कडा उतरतात, ही सगळ्यांची तक्रार. कानस पुढे जाताना झोपाळ्यासारखी हलते म्हणून तसं होतं. सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी उजव्याचा जास्त हवा. मागे येताना दाब अजिबात नको. हे फळ्यावर सांगून हातात येत नाही. मुलाची कानस तुम्ही पुढच्या टोकाला धरा आणि त्याच्याबरोबर पाचसहा फेऱ्या चालवा. त्याचा दाब कुठे बदलतो ते तुमच्या बोटांना लगेच कळतं. मग वाइसची, म्हणजे जॉब पकडायच्या शिकंज्याची, उंची पाहा. जबड्यांची वरची कड साधारण कोपराच्या पातळीत हवी. ठेंगण्या मुला-मुलींच्या पायाखाली फळी दिली नाही तर त्यांचा खांदा वर उचलला जातो आणि कानस झुलणारच. मुलींना फिटर जमत नाही असं म्हणण्याआधी ही फळी द्या.

आणखी एक. बोथट कानशीवर शिकणारा मुलगा जास्त दाबायला शिकतो. नव्या कानशी फिनिशिंगसाठी राखून ठेवा. गंजाचा किंवा ओतकामाचा वरचा थर जुनीने काढा. दातांत कीस अडकला की जॉबवर ओरखडे उठतात, म्हणून ब्रश वाइसजवळ हवा आणि स्मूथ कानशीला खडू चोळायची सवय हवी.

साहित्याचं म्हणाल तर माप चुकलेला ७५ × ५० चा जॉब स्क्रॅपमध्ये जाऊ देऊ नका. त्याचाच ७० × ४५ चा जॉब होतो. मुलाला दुसरी संधी मिळते आणि पहिल्या वेळचा कागद समोर असतो. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाला प्रात्यक्षिकाचे ८४० तास आहेत. त्यातले वीस-पंचवीस तास दुसऱ्या संधीला दिले तर काही बिघडत नाही. प्रात्यक्षिकात आणि सातत्यपूर्ण मूल्यमापनात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात. थांब्यांचे हे कागदच त्या मूल्यमापनाचा खरा पुरावा होतील. वर्षअखेरीला एका बैठकीत भरलेल्या गुणांपेक्षा ते कितीतरी प्रामाणिक.

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, अठरा माणसं. ओतकामाचे जॉब येतात. आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून घ्यावीत असं वाटतं, पण मागे दोघं आली आणि चार महिन्यांत सोडून गेली. कायदा काय सांगतो आणि त्यांना शिकवायचं कसं?

उत्तर : कायद्याचं आधी. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. कंत्राटी धरून तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के घेता येतात, म्हणजे तुमच्याकडे दोघं बसतात. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी, ट्रेडची निवड आणि उमेदवाराशी करार, हे सगळं ऑनलाइन होतं. करार नोंदवल्याशिवाय मुलाला कामावर उभं करू नका. २०१९ च्या नियमांत आयटीआय उत्तीर्णाला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत सरकार किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण कमाल १,५०० रुपये उचलतं आणि ते थेट मुलाच्या खात्यात जातात. सात हजारांवर तुमच्या खिशातून ५,५०० जातात. दर वाढत असतात, करार करायच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा पाहून घ्या.

मुलं सोडून का जातात? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक ठिकाणी कारण एकच असतं. मुलाला पहिल्या दिवशी एका ड्रिलिंग मशीनवर उभं करतात आणि चौथ्या महिन्यातही तो तिथेच असतो. त्याला भोक पाडता येतं, पण ते तेवढंच का पाडायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. वर्षाची फिरती आधी कागदावर मांडा आणि करार करताना मुलाच्या हातात द्या. पहिला महिना मोजमाप आणि बर काढणं, मग तीन महिने ड्रिलिंग-टॅपिंग, तीन महिने लेथ, तीन महिने मिलिंग, शेवटचे दोन महिने तपासणी आणि सेटिंग. ऑर्डरची घाई आली की ही फिरती मोडते. म्हणून प्रत्येक बदलाची तारीख भिंतीवर लिहा, सुपरवायझरला ती रोज दिसली पाहिजे.

शिकवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत रुळलेली एक पद्धत आजही उत्तम चालते. कामाचे टप्पे लिहायचे, प्रत्येक टप्प्यावर लक्ष कशाकडे ठेवायचं ते लिहायचं आणि त्यापुढे 'का' लिहायचं. मग शिकवणाऱ्याने करून दाखवायचं, मुलाने करायचं आणि करता करता 'का' तोंडाने सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर पुन्हा दाखवायचं.

१२ मिमी जाडीच्या एमएस प्लेटला एम८, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या बोल्टची, आरपार आटी पाडायची आहे. सेंटर पंच मारून ६.८ मिमी ड्रिल. का? आटीचा व्यास ८, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५, वजा केल्यावर ६.७५ उरतात आणि त्याला जवळचं ड्रिल ६.८. साडेसहाने पाडलं तर टॅपला, म्हणजे आटी कापणाऱ्या हत्याराला, जास्त माल कापावा लागतो, तो घट्ट होतो आणि मोडतो. सव्वासातने पाडलं तर आटी उथळ येते आणि बोल्ट आवळताना घसरतो. मग भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक, म्हणजे उतरती कड, टॅपच्या व्यासापेक्षा किंचित मोठा, म्हणजे पहिली आटी फुटून वर येत नाही. पहिला टॅप लावून दोन फेरे झाले की थांबायचं आणि गुण्या दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, लावून पाहायचा. इथे तिरपा असेल तर अजून सुधारतो. पाच फेऱ्यांनंतर जोर लावून सरळ करू गेलं की टॅप गेलाच. पुढे अर्धा फेरा आत, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. तेल सोडत राहायचं. मग दुसरा टॅप, तिसरा टॅप, शेवटी गेज लावून आटी तपासायची.

तुमच्याकडे कास्ट आयर्न जास्त असणार. त्याचा कीस भुकटीसारखा पडतो, तिथे तेलाने चिखल होतो, म्हणून कोरडंच टॅपिंग करतात. बंद भोकात ती भुकटी तळाशी साठते आणि टॅप तळाला लागला असं वाटतं. टॅप बाहेर काढून भोक साफ करायचं, जोर लावायचा नाही. कागदावर हेही लिहा. ड्रिलचा तक्ता मशीनवर चिकटवा : एम६ ला ५.०, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२.

असा कागद लिहायला तुमच्या जुन्या कारागिराला सोबत घ्या. त्याच्या हातात असलेलं बरंच काही त्यालाही शब्दांत सांगायची सवय नसते. 'अंदाजाने' असं तो म्हणाला की तिथेच थांबा आणि अंदाज कशाचा, आवाजाचा, किसाच्या रंगाचा की हाताला लागणाऱ्या जोराचा, ते विचारा. आठवड्यातून दोन तास उत्पादनातून काढून ठेवा. त्या वेळात त्या आठवड्यातले रिजेक्ट झालेले जॉब टेबलावर मांडून मुलांनाच कारण शोधू द्या. रिजेक्शनचे पैसे गेलेलेच आहेत, त्यातून शिकवण तरी निघावी.

प्रश्न : मी वेल्डर ट्रेडला आहे. आम्हाला दिवसाला चार-पाचच रॉड मिळतात. एवढ्यात हात कसा बसणार?

उत्तर : रॉड कमी आहेत ही तुझी तक्रार रास्त आहे. ती लेखी स्वरूपात गटनिदेशकांकडे दे, सगळ्या तुकडीच्या सह्या घेऊन. ३.१५ मिमीचा रॉड साधारण मिनिटभरात जळतो, म्हणजे पाच रॉडमध्ये दिवसाला पाचसात मिनिटंच आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, चालू. कमीच आहे ते. पण आर्क चालू नसतानाही बरंच शिकता येतं.

होल्डरला रॉड लावून करंट बंद ठेव. टी जॉइंटवर दोन्ही प्लेटशी ४५ अंश आणि पुढच्या दिशेला ७० ते ८० अंश कलवून हात चालव. जोडीदाराला बाजूने कोन पाहू दे. जळताना रॉड लहान होत जातो, त्यामुळे हात पुढेच नाही तर खालीही न्यावा लागतो. नवख्याचा आर्क इथेच लांब होतो. लांब आर्कने थेंब उडतात आणि बीडमध्ये, म्हणजे वेल्डच्या पट्ट्यात, छिद्रं राहतात. आर्कची लांबी साधारण रॉडच्या व्यासाएवढी, म्हणजे तीनेक मिमी. ३.१५ च्या ६०१३ प्रकारच्या रॉडला ९० ते १३० ॲम्पियर चालतात. १०५ च्या आसपास सुरू कर, कडेला खाच पडायला लागली तर करंट कमी कर. ओलसर रॉड सरळ वापरू नकोस, त्याने छिद्रं पडतात.

वरून छान दिसणारं वेल्ड आत पोकळ असू शकतं. म्हणून दर आठवड्याला आपला एक जॉब फोड. ६ मिमीच्या दोन प्लेटचा टी जॉइंट एकाच बाजूने वेल्ड कर, पूर्ण गार होऊ दे. वाइसमध्ये खालची प्लेट घट्ट पकड आणि उभी प्लेट वेल्ड असलेल्या बाजूकडे हातोडीने पाड, म्हणजे मुळाचा कोपरा उघडतो. डोळ्यांना गॉगल हवाच. तुटलेल्या भागात मुळाशी चकचकीत सरळ रेषा दिसली तर प्लेटची कड वितळलीच नव्हती : करंट कमी, नाहीतर वेग जास्त. काळे काचेसारखे कण दिसले तर स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाचा मळ, अडकला, आधीचा थर चिपिंग हॅमरने नीट साफ झाला नव्हता. सुईच्या अग्रासारखी छिद्रं दिसली तर लांब आर्क किंवा ओला रॉड. दोन्ही तुकड्यांवर तारीख आणि करंट लिहून ठेव. चांगले रॉड जपून, पण फोडायच्या जॉबवरच आधी खर्च कर.

प्रश्न : मुलीला दहावीला ६८ टक्के आहेत. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचं आहे. घरचे म्हणतात, पुढचे रस्ते बंद होतील. काय करावं?

उत्तर : रस्ते बंद होत नाहीत. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीचा मार्ग खुला असतो. तिथे मुलं अडखळतात ती गणितात. आयटीआयच्या दोन वर्षांत त्रिकोणमिती, लॉगरिथम आणि बीजगणित घरी चालू ठेवलं तर हा अडथळा बराच सोपा होतो. सकाळी अर्धा तास पुरतो, पण रोज. एक वर्षाचे ट्रेड घेताना मात्र पुढच्या प्रवेशाचे निकष आधी तपासून घ्या.

खरा प्रश्न संस्था निवडण्याचा आहे. सुट्टी नसलेल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, मुलीला घेऊन तिथे जा. कार्यशाळेत मुलं काम करताना दिसतात का, की बाकांवर बसून वही उतरवतात, ते पाहा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला मेगरबद्दल, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राबद्दल, विचारा, 'मेगर दाखव आणि वायरिंग कसं तपासतोस ते सांग.' सप्लाय बंद करून, ५०० व्होल्टने, फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये, वाचन निदान एक मेगओहम, असं तो सहज सांगू लागला तर तिथे शिकवतात. मेगर कपाटात आहे असं उत्तर मिळालं तर दुसरी संस्था पाहा. निदेशकांनी शिल्प निदेशक प्रशिक्षण, म्हणजे सीआयटीएस, केलं आहे का, प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला मुलं कुठे पाठवतात आणि मुलींसाठी स्वच्छतागृह कार्यशाळेपासून किती लांब आहे, हेही विचारा. हे शेवटचं विचारायला संकोचू नका, मुली सोडून जाण्यामागे ते मोठं कारण असतं.

प्रश्न : आमची शाळा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यात आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमासारखं काही आठवी-नववीला सुरू करायचं आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या कार्यक्रमाचा गाभा साधा आहे : आठवड्यातला एक दिवस हाताने काम, तेही अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चारही अंगांनी. शिकवायला गावातले कारागीर. आणि मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे.

या शेवटच्या अटीवर ठाम राहा. प्रदर्शनासाठी केलेला आकाशकंदील कुणी तपासत नाही. शाळेचा गळणारा नळ मुलांनी दुरुस्त केला तर तो पुन्हा गळतो की नाही हे सगळ्या शाळेला कळतं. म्हणून पहिल्या सत्राची कामं शाळेतूनच शोधा : नळांचे वॉशर, डुगडुगणारे बाक, बंद पडलेले एलईडी दिवे, माती परीक्षण, रोपवाटिका. चाळीस मुलांचे दहादहाचे चार गट करा आणि दर चार आठवड्यांनी गट फिरवा. एका वेळी दहापेक्षा जास्त मुलं एका कारागिराकडे नकोत.

प्रत्येक कामाला दोन कागद. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक : काय लागेल, किती, किती रुपयांचं, किती तास. काम झाल्यावर प्रत्यक्ष खर्च आणि फरकाचं कारण. शेकडेवारी, क्षेत्रफळ, घनफळ हे इथे आपोआप येतं. गणिताच्या शिक्षकांनी दर आठवड्याला यातला एक कागद वर्गात सोडवायला घेतला तर दोन्ही विषयांचा फायदा होतो. ही सांगड मुख्याध्यापकांनीच घालून द्यावी लागते, शिक्षक आपण होऊन क्वचित घालतात.

अडचणी कुठे येतील तेही सांगतो. हत्यारं हरवण्याच्या भीतीने कपाटाला कुलूप लागतं आणि उपक्रम तिथेच संपतो. त्याऐवजी भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवा. तास संपताना रिकामी रेषा लांबूनच दिसते. कारागिराला शिकवायची सवय नसते, तो पटकन स्वतःच करून टाकतो. त्याला एकच नियम सांगा : हत्यार मुलाच्या हातात, आपले हात मागे. ग्राइंडरजवळ सैल ओढणी, बांगड्या आणि हातमोजे नकोत, गॉगल हवा.

पहिला पाठ सोल्डरिंगचा, म्हणजे वितळलेल्या धातूने तारा जोडण्याचा, घ्या. चूक लगेच दिसते आणि सामान थोडं लागतं. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं (कथील-शिसं) सोल्डर, ओला स्पंज. मुलं आयर्नवर सोल्डर वितळवून जोडावर टिपकवतात. मग तो मळकट गोळा नुसता वर बसतो आणि तार ओढली की निघून येते. आयर्नचं टोक तारेला आणि पट्टीला एकाच वेळी दोन-तीन सेकंद टेकवायचं, दोन्ही तापू द्यायचं आणि सोल्डर आयर्नला न लावता जोडाला लावायचं. बरोबर जमलं की ते चकाकत पसरतं आणि कडेला उतरतं. गार होईपर्यंत तार हलवायची नाही. प्रत्येक मुलाला निरुपयोगी बोर्डावर असे वीस जोड करू द्या, मग प्रत्येक तार चिमट्याने ओढून किती टिकले ते मोजून लिहायला सांगा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि डबा खाण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायला हवेत.